दादाच्या गिटारचे पाच दांडे

आमच्या घरी कुणाचा हात दुखला तर आधी दांडा पाहिला जायचा. हात नंतर, आणि बहुतेक वेळा हात पाहायची पाळीच यायची नाही. बाबा कुऱ्हाडीचे, पावड्याचे, कुदळीचे, हातोड्याचे दांडे करायचे. दुसरं काही करायचे नाहीत. खुर्च्या-टेबलं करणाऱ्या सुतारांना ते मनातून जरा कमीच लेखत, कारण खुर्चीवर माणूस बसतो आणि उठून जातो, दांडा मात्र दिवसभर हातात असतो, असं त्यांचं म्हणणं. कामठी रोडला लागून असलेल्या वस्तीत आमचं घर होतं. पुढच्या अर्ध्या भागात टिनाखाली बाबांचं दुकान, मागच्या अर्ध्यात आम्ही चौघं: बाबा, आई, दादा आणि मी. मधे दार नव्हतं, आईचं एक जुनं लुगडं टांगलेलं होतं. त्यातून भुसा आत यायचा आणि फोडणीचा वास बाहेर जायचा. वरणात भुसा निघाला नाही असा दिवस मला आठवत नाही. मी कुरकुर केली की आई म्हणायची, "खा वं गुपचूप, पोटात काही झाड उगवत नाही."

दांडा घ्यायला माणूस आला की बाबा त्याला लाकूड दाखवण्याआधी त्याचा हात मागत. तळवा उताणा करून स्वतःच्या मांडीवर ठेवून घेत आणि अंगठ्याने दाबत दाबत जात. घट्टे कुठे आहेत, बोटं किती लांब, मूठ वळते कशी, सगळं बघत. कळमेश्वरच्या बाजूची, बागांमधे राबणारी माणसं येत, रस्त्याच्या कामावरच्या बाया येत. बायांचा हात ते स्वतः धरत नसत. मला हाक मारत, आणि मी सांगेन तसं लाकूड तासत. दांडा हातात दिला की एकच वाक्य बोलत, "दुखला तर परत आणजो." आणि लोक आणतही. परत आलेला दांडा घेताना बाबांनी कधी विचारलं नाही, की तू धरला कसा, किंवा तुझ्याच हाताला काही झालंय का. तसं विचारणं त्यांना गिऱ्हाइकाचा अपमान वाटे. ते दांडा ठेवून घेत, फुटक्या काचेच्या तुकड्याने खरडत, आणि तरी नाही जमलं तर नवा करून देत. या रीतीचा त्यांना अभिमान होता आणि आम्हालाही होता. पुढे जे झालं ते या रीतीमुळेच झालं, म्हणून आधी ती सांगून टाकली.

माझं काम शेवटचं. दांडा तासून, खरडून झाला की माझ्याकडे यायचा. मी पॉलिशपेपर फिरवायचे, मग डोळे मिटून टोकापासून टोकापर्यंत तळवा न्यायचे. कुठे कुसळ उभं असेल तर मला ते लागायच्या आधीच समजायचं. त्यानंतर बाबा जवसाचं तेल चोळत आणि दांडा भिंतीशी उभा करत. "माह्या पोरीचा हात चुकत नाही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि मी उगाच लुगड्यामागे जाऊन काहीतरी काम काढत असे. शाळेत माझं कशातच नाव नव्हतं. या एका गोष्टीत होतं. बाबांच्या दुकानातल्या दांड्याचं कुसळ कुणाच्या हातात गेलं असं कधी झालं नव्हतं.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. त्याने दुकानात बसावं म्हणून बाबांनी कधी जबरदस्ती केली नाही, आणि तो बसलाही नाही. बंडूभाऊ म्हणून एकाची ऑर्केस्ट्रा पार्टी होती, लग्नात, मंडळांत आणि जयंतीच्या दिवसांत वाजवायची. त्या पार्टीत दादा आधी वायरी गुंडाळायला लागला, मग गिटार वाजवायला. सीताबर्डीहून त्याने एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली, लाल रंगाची, कडांना रंग उडालेली. दारातून आत आल्याबरोबर बाबांनी ती त्याच्या हातून घेतली. तारा बघितल्या नाहीत, रंग बघितला नाही, डाव्या मुठीत दांडा धरला आणि तोंड वाकडं केलं. "हा कोणं केला बे? यानं कोणाचा हात धरलाच नाही कधी." दादा म्हणाला, "बाबा, कारखान्यात मशीनवर होते ते." बाबांनी गिटार परत दिली. त्यांच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. पार्टीतली पोरं त्याला 'नेक' म्हणत, पण आमच्या घरी तो शेवटपर्यंत दांडाच राहिला.

थंडीचे दिवस होते तेव्हा दादाची तक्रार सुरू झाली. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट लवकर थकतात, तार पूर्ण दाबली जात नाही, आवाज फाटतो. चुलीजवळ जेवायला बसलो होतो, पाटोडीचा रस्सा होता, आणि रस्सा ओढता ओढता तो म्हणाला, "दांडा जाड आहे बाबा." आमच्या घरात एवढं बोललं की बोलणं संपायचं. कुणी पुढे काही विचारलं नाही. बाबांनी हात धुतले आणि तिथूनच ओरडून मला पॉलिशपेपर आणायला पाठवलं. आज ते सगळं डोळ्यांपुढे येतं तेव्हा त्या घरात शिरून चौघांनाही गदागदा हलवावंसं वाटतं, आणि मला स्वतःला सगळ्यात आधी.

बंडूभाऊंकडे कुठल्याशा परदेशी कंपनीच्या यादीतलं एक पान होतं. त्यावर दांडा मधोमध कापला तर कसा दिसेल याची चित्रं होती आणि प्रत्येकाखाली एकेक इंग्रजी अक्षर. दादाने ते पान आणून कॅलेंडरशेजारी चिकटवलं. 'सी' म्हणजे गोलसर, बहुतेक हातांना चालणारा. 'डी' म्हणजे पाठीला चपटा, बोटं झरझर पळवणाऱ्यांसाठी. 'यू' जाड, मोठ्या पंज्याच्या माणसासाठी. 'व्ही'ला मधोमध कणा, अंगठा वरून आणून मुठीत धरणाऱ्यांसाठी. बाबांना इंग्रजी येत नव्हतं पण चित्रं त्यांना एका नजरेत समजली. त्यांनी आपली नावं दिली. 'सी'ला लाटणं, 'डी'ला पाट, 'यू'ला खुंटा आणि 'व्ही'ला नुसतं 'कुऱ्हाड', कारण कुऱ्हाडीचा दांडाही गोल नसतो, हातात फिरू नये म्हणून त्याला कडा काढतात. कित्येक दिवस आमच्या घरी जेवताना हीच चर्चा. दादाचा पंजा मोठा, पण बोटं बारीक. तो गिटार धरायचा घरातल्या सवयीने, पूर्ण मुठीत, सगळा तळवा लाकडाला टेकवून. बंडूभाऊ म्हणत अशी कुणी धरत नाही. बाबा म्हणत, हातात धरायची वस्तू आहे, मग धरणारच नं.

दांडा गिटारच्या अंगाला चार स्क्रूंनी जोडलेला असतो. वर पट्टी, पट्टीवर तारेच्या आडव्या काड्या, आणि मागे तळव्यात बसणारी पाठ. बाबांनी पट्टीला कधी हात घातला नाही. ती ऊन पाण्याच्या फडक्याने हळूहळू सोडवत आणि पाठ तेवढी नवी करून तिच्यावर पट्टी परत बसवत. मूळचा दांडा पहिला धरला तर दुसरा झाला 'सी', तिवसाच्या लाकडाचा. दादाने हातात घेतला आणि हसला. पंधरा दिवस घरात गाणी होती. मग एक दिवस तो म्हणाला, "बाबा, थोडा चपटा पाहिजे होता." तिसरा झाला 'डी'. तो आठ दिवस चालला. चौथा 'व्ही', आणि त्याच्यावर बाबांनी जीव लावला होता, कण्याची रेघ अशी सरळ, की मीच तो हातात घेऊन बसायचे. तो तीन दिवसांत परत आला. दर वेळी आनंदाचे दिवस कमी होत चालले होते आणि आम्ही लाकूड बदलत होतो.

मधल्या काळात घरात काय काय झालं ते मी आता एका ओळीत लावू शकते, तेव्हा ते सुटं सुटं होतं. दादा तव्यावरची पोळी डाव्या हाताने उचलायचा, सावकाश, जराही घाई न करता, आणि आई कौतुकाने म्हणायची, "माह्या पोराचा हात लोखंडाचा झाला." चहाचा ग्लास आम्ही फडक्यात धरायचो, तो नुसत्या हातात. त्याच्या कोपराखाली रुपयाएवढा एक फिका डाग होता. तो म्हणायचा उन्हाचा आहे, आणि नागपुरात उन्हावर काय नाही ढकललं जात! मग शर्टाची बटणं त्याला लावता येईनात. गाण्याला जाताना तो माझ्यापुढे उभा राहायचा, "लाव वं कुंदे, बायको येईपर्यंत तूच लाव." मी लावायचे आणि त्याला चिमटे काढायचे. डाव्या हाताला चिमटा काढला तर तो हसत नसे, रागावतही नसे. मी जास्त जोरात काढायचे. मला वाटायचं सोंग करून राहिला.

सोंग नाही हे मला समजलं ते चौथ्या दांड्याच्या वेळी. दुपारी दादा दुकानात तारा बदलत बसला होता. मी आतून पाणी घेऊन आले तर जुन्या तारेचं तुटकं टोक त्याच्या तळव्याच्या कडेला, करंगळीच्या खाली, चांगलं रुतून उभं होतं, आणि तो शीळ घालत दुसरी तार पिळत होता. "दादा, हातात काय हे?" मी म्हटलं. त्याने उजवा हात बघितला. "कुठं?" मी त्याचा डावा हात धरला आणि तार ओढून काढली. तो बघत राहिला. रक्ताचा एक थेंब आला तेव्हा म्हणाला, "अरे हो." एवढंच. संध्याकाळी मी बाबांना सांगितलं, "बाबा, दादाले टोचलेलं समजत नाही." बाबा काचेने लाकूड खरडत होते. मान वर न करता म्हणाले, "वाजवाच्या नादात असते तो. अन् चौथ्याची कड जरा तेज झाली असन. दाबून दाबून हात बधिर होते. पाचवा बारीक करतो, अगदी बारीक." मी म्हटलं, "बाबा, दांड्याचं नाही सांगून राहिली मी, हाताचं सांगून राहिली." तेव्हा त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसं मी एखाद्या गिऱ्हाइकाला दारातून हाकललं होतं. "त्याच्या हाताले काय झालं? चांगला तर आहे हात."

मी रागीट आहे, तेव्हा आणखी होते. तो राग आणि हातात उभी असलेली ती तार, दोन्ही मिळून मी जे केलं ते केलं. पाचवा दांडा माझ्याकडे आला तेव्हा जयंतीचा कार्यक्रम दोन दिवसांवर होता. दांडा फारच सुंदर होता, पातळ, पाठीला किंचित गोलाई. मी पॉलिशपेपर फिरवला, डोळे मिटून तळवा नेला, आणि खालच्या कडेला, जिथे दादाची करंगळीखालची बाजू वरखाली घासायची, तिथे पटाशीच्या टोकाने एक कुसळ उभं केलं. लहान, पण टणक. तिवसाचं लाकूड ते. माझा हिशेब सरळ होता. दादा हात लावेल आणि बोंबलेल. मग मला शिव्या पडतील, बाबा दिवसभर बोलणार नाहीत, आणि मी मनातल्या मनात इतकी खूश होईन की सांगायची सोय नाही, कारण हात चांगला आहे असं ठरेल. आणि नाहीच बोंबलला, तर मी बाबांना तो हात दाखवेन. बाबांनी दांड्याला तेल चोळलं तेव्हा मी त्यांच्या हातांकडे बघत उभी होते. त्यांचे तळवे चाळीस वर्षांच्या घट्ट्यांचे, त्यात फडकं. त्यांना काही लागलं नाही. दादाने कार्यक्रमाच्याच दिवशी तारा चढवल्या आणि सुरात लावल्या. तेव्हाही काही बोलला नाही, पण तेव्हा त्याचा हात वरच्या टोकाला होता, म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

कार्यक्रम विहाराशेजारच्या मैदानावर होता, दिवस मावळायच्या सुमारास. एप्रिलचं ऊन खाली उतरलं होतं तरी जमीन पायांना पोळत होती. आई निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसली होती, बाबा धुतलेल्या सदऱ्यात पहिल्या रांगेत. कार्यक्रमाआधीच बंडूभाऊंनी घरी येऊन सांगितलं होतं, की उन्हाळ्यात रायपूर-जबलपूरकडचा महिनाभराचा दौरा ठरला आहे, आणि आज दादाचा हात चालला तर गिटारवर तोच, नाहीतर कामठीचा एक पोरगा बघून ठेवलाय. म्हणजे सगळं त्या एका संध्याकाळवर होतं. मी मंचाच्या बाजूला, पडद्याच्या बांबूला धरून उभी राहिले. पहिलं गाणं सुरू झालं. दादाचा हात वरून खाली सरकला, त्या जागेवरून गेला, परत वर आला, परत खाली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. ओरड, मी मनात म्हणत होते, दादा, एकदा तरी ओरड. दुसरं गाणं झालं. तिसऱ्यात त्याला मधे एकट्याने वाजवायचं होतं. तो डोळे मिटून वाजवत होता आणि हसत होता, लोक टाळ्यांचा ठेका धरत होते, आणि लाल गिटारवर दांड्याच्या खाली आणखी एक ओला, गडद लाल पट्टा उतरत होता. तो फक्त मला दिसत होता.

खाली उतरला तो सरळ बाबांकडे गेला. घामाने भिजलेला, चेहरा फुललेला. "बाबा, हाच! हाच दांडा पाहिजे होता. हाताले काही लागतच नाही!" बाबांनी त्याला जवळ घेतलं. मी माझ्या वडिलांना कुणालाही जवळ घेताना त्याआधी पाहिलं नव्हतं. मग त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर दादाच्या हाताचा ठसा उमटलेला आईने पाहिला आणि ती किंचाळली. दादाचा तळवा कडेने चांगला बोटभर फाटला होता. दादा स्वतःच्या हाताकडे बघून हसला, "घामानं फाटलं असन." बाबांनी गिटार घेतली. अंगठा पाठीवरून फिरवला, कडेला आणला, थांबले. पुन्हा फिरवला. त्यांचा चेहरा उतरला. "कुसळ राहिलं," ते हळू म्हणाले. मग माझ्याकडे बघून, आणि हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, म्हणाले, "तुह्या हातून नाही राहत पोरी. तेल चोळताना लाकडाची रेषा उभी राहिली असन. माह्या हाताखालून गेलं हे."

तिथेच सांगायला हवं होतं. मी ठरवलंही तेच होतं, की नाही ओरडला तर हात दाखवीन. पण दादाचा चेहरा फुललेला होता, बंडूभाऊ त्याच्या पाठीवर थाप मारून "दौऱ्याले तूच बे" म्हणत होते, आणि बाबा त्या कडेवरून अंगठा काढत नव्हते. मला भीती वाटली. एक भीती होती की मार पडेल, आणि दुसरी, मोठी, की मी तोंडाने बोलले की ते खरं होईल. मी म्हटलं दौरा होऊ दे. आल्यावर सांगीन. त्या रात्री आईने गोळाभात केला होता आणि मी दोनदा मागून घेतला, हेही लिहून ठेवते, कारण मला पुष्कळदा वाटतं की मी त्या दिवशी उपाशी झोपले असेन. उपाशी नाही झोपले.

बाबांनी कुसळ काढून कड साफ करून दिली आणि दादा हाताला रुमाल बांधून गेला. महिन्यानंतर परत आला तेव्हा रुमाल तोच होता. जखम दुखत नव्हती म्हणून तो त्या हाताने रोज वाजवत राहिला होता, आणि न दुखणारी जखम आतल्या आत पसरत गेली होती. हात मनगटापर्यंत सुजलेला, करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलेली, उघडायला गेलं तर उघडत नव्हती. वासही येत होता. आईने पदर तोंडाला लावला आणि आम्ही चौघंही ऑटोने सरकारी दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कोरड्या आवाजाच्या. त्यांनी जखम धुतली आणि मग जखमेकडे बघायचं सोडून दादाच्या कोपराखालचा तो फिका डागच बघत बसल्या. कोपराच्या मागे बोटाने चाचपलं. "डोळे मिटा. लागलं की सांगा," म्हणाल्या. कापसाचा बोळा फिरवला. मग पेनाचं टोक. पेन डागावर टेकलं, करंगळीवर टेकलं, तळव्याच्या कडेवर टेकलं, आणि दादा डोळे मिटून वाट बघत होता. "सुरू केलं का मॅडम?" त्याने विचारलं. त्यांनी पेन खिशात ठेवलं आणि आजाराचं नाव सांगितलं. कुष्ठरोग. आई म्हणाली, "आमच्यात कोणाले नाही." बाई म्हणाल्या, "कुणालाही होतो, आई. औषध आहे, पूर्ण बरा होतो, घाबरायचं काही नाही. पण बोटांचं आज सांगता येणार नाही. लवकर आलं की नस बरेचदा सावरते. हाताला समजेनासं झालं ते नक्की कधीपासून?" दादा म्हणाला, "जखम झाली तेव्हापासून. दांड्याचं कुसळ गेलं होतं." बाबा खुर्चीवरून उठून उभे राहिले, जसे कोर्टात उभे राहतात. "माह्या हाताचा दांडा होता मॅडम. कुसळ माह्याकडून राहिलं." बाई म्हणाल्या, "काका, लाकडानं हा आजार होत नाही." बाबांनी मान हलवली. शिकलेल्या माणसापुढे हलवायची ती मान होती. त्यांना पटलेलं नाही हे मला दिसत होतं. खरं काय ते सांगू शकणारी त्या खोलीत एकटी मी होते. तारेचं टोक मी माझ्या हाताने उपसलं होतं, कुसळ मी उभं केलं होतं. मी फरशीकडे बघत राहिले.

औषधं चालली, आजार गेला, डॉक्टरीणबाईंचा शब्द खरा झाला. बोटं तशीच राहिली. दादाने गिटार बंडूभाऊंना देऊन टाकली आणि पुढे साउंडचं काम धरलं, त्यात त्याने नाव काढलं, लग्न झालं, दोन मुली झाल्या. त्याचं बरं झालं असं सगळे म्हणतात, आणि मीही म्हणते. बाबांचं मात्र बरं झालं नाही. त्यांनी दांडे करणं सोडलं. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "माह्या हातात आता राहिलं नाही. लेकराचा हात खाल्ला मी." लोकांना काही समजायचं नाही, ते निघून जायचे. शेवटी लकडगंजात एका खुर्च्यावाल्याकडे ते पॉलिश मारायला जाऊ लागले. संध्याकाळी घरी आले की कधी कधी दादाचा डावा हात ओढून मांडीवर उताणा ठेवत आणि गिऱ्हाइकाचा बघावा तसा अंगठ्याने दाबत जात, व्रणाशी येऊन थांबत. "इथं लागते काय?" विचारत. दादा न लागताही म्हणायचा, "हाव, लागते थोडं." मी लुगड्यामागे असायचे. ते गेले तेव्हा त्यांचा अंगठा दादाच्या तळव्यावर होता.

अलीकडे दादासोबत मेट्रोने सीताबर्डीला गेले होते. एका दुकानात गिटारी ओळीने टांगलेल्या, आणि दोन पोरी दुकानदाराशी वाद घालत होत्या, की अमुक नेक जाड पडते, तमुक बारीक, मनगट दुखते. दादा हसून मला म्हणाला, "सांग त्याइले, लाटणं घ्या म्हणा." तो हसला आणि मला दुकानाच्या बाहेर येऊन उभं राहावं लागलं. तेव्हाच ठरवलं की हे लिहायचं, आणि लिहिलं की आधी त्यालाच वाचून दाखवायचं.

गेल्या रविवारी दुपारी तो घरी आला तेव्हा वाचून दाखवलं. नीट ऐकू यावं म्हणून कूलर बंद केला. इथपर्यंत नव्हे, दवाखान्यापर्यंत वाचलं, आणि त्याने हात वर केला.

"थांब. कुसळ तू ठेवलं होतं?"

"हाव."

"मुद्दाम?"

"हाव, दादा."

या क्षणाची तयारी मी कित्येक वर्षं केली होती. तो काय बोलेल आणि मी काय उत्तर देईन, सगळं पाठ होतं. लवकर गेलो असतो तर बोटं वाचली असती का, यावर मी त्याच्यापुढे रडणार होते, हेसुद्धा ठरलेलं होतं.

"हाताचं जाऊ दे," तो म्हणाला. "हात तेव्हाच गेला होता, मलेही आतून थोडं समजत होतं. मीही कुठं बोललो? दौऱ्याले जायचं होतं मले." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. बाबांसारखेच डोळे आहेत त्याचे. "पण बाबाले काहून नाही सांगतलं वं?"

"भीती वाटली."

"त्या दिवशी वाटली असन. मंजूर. तू पोरगी होती." तो उठला, चपला शोधू लागला, त्याला त्या सापडत नव्हत्या आणि मी उठून दिल्या नाहीत. "त्याच्यानंतर नऊ वर्षं होते नं ते, कुंदे. रोज संध्याकाळी घरी येत होते."

आठवडा झाला, रोज ही वही घेऊन बसते आहे. त्याला द्यायच्या उत्तरापुरती जागा इथे कोरी ठेवली आहे.